बारमाही फुलणारे झाड, की बारमाही फुललेली बाग?

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाने फुलझाडांवर काय बोलायचे, असा प्रश्न इथे बसलेल्यांपैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. तो रास्त आहे. आम्ही वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. पण आमच्या विषयाची एक खोड आहे. कुणी प्रश्न विचारला की उत्तराकडे धावण्याआधी आम्ही प्रश्नच हातात घेऊन उलटसुलट करून बघतो. आजचा प्रश्न तुम्ही सगळ्यांनी नर्सरीत उभे राहून कधी ना कधी विचारलेला आहे: "बारा महिने फुलेल असं काहीतरी द्या हो."

आम्हीही विचारला होता. निवृत्तीनंतर गच्चीवर बाग करायचे ठरवले, तेव्हा नर्सरीवाल्याने अगदी मनापासून झाडे निवडून दिली. तीन रंगांची बोगनवेल, भरगच्च पाकळ्यांची जास्वंद, तशीच दुहेरी तगर. दोन वर्षांत गच्ची अशी फुलली की येणारा-जाणारा फोटो काढायचा. मग आमच्या सौभाग्यवतींनी एका पिंपात लाल भोपळ्याचा वेल लावला. वेल जोमाने वाढला, फुले आली, मादी फुलांमागे सुपारीएवढे भोपळे दिसू लागले, आणि एकेक पिवळे पडून गळू लागले. खत बदलले, पाणी कमी-जास्त केले. शेवटी एका शेतकरी मित्राला विचारले. तो म्हणाला, "सर, सकाळी सातला गच्चीवर जाऊन नुसते उभे राहा. काय ऐकू येतं ते सांगा."

गेलो. काहीच ऐकू येत नव्हते. इतकी फुले, आणि एक माशी गुणगुणत नव्हती. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. तेवढ्या वेळात नर फुलाचा पराग कुणीतरी मादी फुलावर आणून टाकायला हवा. ते 'कुणीतरी' आमच्याकडे येतच नव्हते. मग रोज सकाळी हातात नर फूल घेऊन आम्ही ते काम करू लागलो. पीएच.डी. झालेला माणूस माशीच्या जागी रोजंदारीवर लागला! हसा, हसण्यासारखेच आहे ते. पण प्रश्न तिथे सुरू झाला. बारा महिने फुलणारी बाग आमच्याजवळ होती. मग माशी का येत नव्हती?

आता खोडीप्रमाणे प्रश्न उलटा करू. 'जास्त काळ फुलणे' या शब्दांचे निदान तीन अर्थ होतात, आणि आपण ते एकात एक मिसळतो.

पहिला अर्थ: एकच फूल जास्त दिवस टिकते. दुसरा: फूल टिकत नाही, पण झाड महिनोन्‌महिने नवी फुले काढत राहते. सदाफुलीचे एक फूल चार-पाच दिवसांत गळते, नाव मात्र सदाफुली, कारण मागची कळी तयार असते. तिसरा अर्थ: कुठलेच झाड वर्षभर फुलत नाही, पण बागेत वर्षभर काहीतरी फुललेले असते.

पहिल्या अर्थात एक गंमत आहे. फूल उमलते ते बी धरण्यासाठी. पुष्कळ झाडांत असे दिसते की परागीभवन झाले की फूल लवकर कोमेजते. काम झाले, दुकान बंद. म्हणजे जे फूल आठवडाभर टवटवीत दिसते, ते कधी कधी कुणी न आलेले फूल असते. तसेच काही संकरित, वांझ जाती भरपूर फुलतात, कारण बी धरण्यात त्यांची शक्ती खर्च होत नाही. वाळलेली फुले खुडली की झाड पुन्हा कळ्या काढते, हे माळीबुवांचे जुने ज्ञानही याच तत्त्वावर उभे आहे. तेव्हा 'खूप फुलते' एवढ्यावरून 'माशीला उपयोगी' असे अनुमान निघत नाही. तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही याला हेत्वाभास म्हटले असते.

फूल कुणासाठी असते, हा प्रश्न आमच्या विषयातही येऊन गेला आहे. इमॅन्युएल कांट याने १७९० साली सौंदर्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात फुलाचे उदाहरण येते. कांट म्हणतो की फूल हे मुक्त सौंदर्य आहे. फूल म्हणजे वनस्पतीचे प्रजननाचे अंग हे वनस्पतिशास्त्रज्ञाला ठाऊक असते, पण ते सुंदर आहे असे म्हणताना तोही त्या हेतूचा विचार करत नाही. म्हणणे बरोबर आहे. देवाला जास्वंद वाहताना आपण तिच्या केसरांचा हिशेब करत नाही.

पण गंमत बघा. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७९३मध्ये, बर्लिनमध्ये ख्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल नावाच्या शिक्षकाने एक पुस्तक छापले. १७८७च्या उन्हाळ्यात त्याला एका रानजिरॅनियमच्या फुलात पाकळीच्या बुडाशी मऊ केस दिसले. हे केस कशाला? निरीक्षण करता करता त्याला उलगडले की आत मध आहे आणि पावसाचे पाणी त्यात शिरू नये म्हणून ही झालर आहे. मध कीटकांसाठी आहे, रंग लांबून बोलावण्यासाठी आहे आणि पाकळीवरच्या रेघा-ठिपके 'मध इकडे आहे' असे सांगणाऱ्या पाट्या आहेत. पुस्तकाकडे त्या काळी फारसे कुणी वळून पाहिले नाही. पुढे डार्विनने त्याची किंमत ओळखली. आपल्याकडे ती पाटी बघायची तर अडुळशाचे फूल बघा. पांढऱ्या खालच्या ओठावर जांभळ्या रेघा घशाकडे जातात. कोपऱ्यावर बाण काढून 'कार्यालय इकडे' लिहितो ना आपण, तसेच.

तर मंडळी, आमची गच्ची कांटची बाग होती. बघणाऱ्यासाठी सुंदर. श्प्रेंगेलच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिले तेव्हा दोष दिसू लागले. भरगच्च जास्वंदीत किंवा दुहेरी तगरीत ज्या जादा पाकळ्या दिसतात, त्या बहुधा केसरांच्याच झालेल्या असतात. केसर गेले की पराग गेला, आणि पाकळ्यांच्या गर्दीतून मधापर्यंत वाट राहत नाही. बोगनवेलीचा रंग तर पाकळ्यांचा नसतोच, ती रंगीत पाने. खरे फूल मधली बारीक पांढरी नळी. म्हणून पहिला नियम सांगतो: फूल एकेरी घ्या. जास्वंद घ्या, पण पाच पाकळ्यांची. शेवंती घ्या, पण मधली पिवळी चकती उघडी दिसणारी.

दुसरी गोष्ट, पाहुणा कोण ते ठरवा. 'मधमाशी' हा एक शब्द आहे, प्राणी अनेक आहेत. आपल्याकडे उंच इमारतींना मोठे पोळे लावणारी आग्या, झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत राहणारी सातेरी, झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी, आणि डंख नसलेली इवलीशी पोयाची माशी. शिवाय एकट्याने राहणाऱ्या कितीतरी. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पोळे न करता एकेकट्या राहतात. आपला काळा भुंगा त्यांतलाच, वाळलेल्या लाकडात भोक पाडून राहणारा. मग फुलपाखरे, रात्रीचे पतंग, आणि शिंजीर पक्षी.

प्रत्येकाची जीभ वेगळी, डोळा वेगळा. सदाफुलीचा मध अरुंद नळीच्या तळाशी असतो, तिथे फुलपाखराची लांब सोंड पोचते, मधमाशीची जीभ पोचत नाही. लाल रंग मधमाशीला आपल्यासारखा दिसत नाही, उलट आपल्याला न दिसणारा अतिनील तिला दिसतो. मधमाशीला रंग कळतात हे प्रयोगांनी दाखवणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना पुढे १९७३चे नोबेल मिळाले. म्हणून लाल जास्वंदीवर शिंजीर येतो, निळ्या-जांभळ्या-पिवळ्या-पांढऱ्या फुलांवर माश्या. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी आणि रातराणी पतंगांसाठी. नर्सरीत "हे किती महिने फुलतं?" असे विचारता, त्याच्या जोडीने "यावर कोण येतं?" असेही विचारा. उत्तर मिळाले नाही, तर ऊन असताना त्या झाडापाशी दहा मिनिटे उभे राहा. झाडच सांगेल.

आता तिसऱ्या अर्थाकडे येऊ, तोच खरा कामाचा. आमच्या पिढीतल्या काहींच्या घरी आठवण असेल, नसेल तर वडिलांकडून ऐकले असेल: गरीब विद्यार्थी शहरात शिकायला यायचा आणि वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुठलेही एक घर त्याला सातही दिवस जेवू घालत नसे, तसे ते शक्यही नसे. पण सात घरांनी मिळून आठवडा भरत असे. आणि सात घरांतले एक घर चुकले, तर त्या दिवशी पोरगा उपाशी. बाकीच्या सहा घरांत पंचपक्वान्ने झाली, तरी त्याचा बुधवार भरत नाही.

दारोदार थोडे थोडे मागून आणायचे त्याला आपण मधुकरी म्हणतो. तो शब्द आला आहे मधुकरावरून, म्हणजे भुंग्यावरून. माशीच्या रीतीवरून आपण विद्यार्थ्याच्या जेवणाला नाव दिले. आता तिचे वार आपण लावून द्यायचे आहेत. तिचा आठवडा बारा महिन्यांचा.

महाराष्ट्रात तिचा 'बुधवार' कुठला? लोकांना वाटते उन्हाळा. पण फाल्गुन-चैत्रात पळस, पांगारा, काटेसावर, कडुनिंब, करंज असे मोठे वृक्ष फुलतात. शहरातही रस्त्याकडेला ते असतात. घाटमाथ्यावर खरी टंचाई असते ती भर पावसाच्या महिन्यांत. फुले कमी, असतील त्यांतला मध धुऊन जातो, आणि माशीला बाहेर पडता येत नाही. महाबळेश्वराकडचे मधपाळ त्या दिवसांत पेट्यांना साखरेचा पाक देतात. त्याच भागातले मांघर हे २०२२मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तिथेही पावसाळा हा जपून काढायचाच काळ. कारवी तर दरसालही येत नाही. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ला फुलली आणि नंतर २०२४ला. फुलली की डोंगर जांभळा होतो, पण मधली सात वर्षे माशीला दुसरे घर हवेच.

म्हणून आम्ही झाडे निवडतो ती ऋतूंचे कप्पे करून. सगळी बहुवर्षायू, म्हणजे एकदा लावली की वर्षानुवर्षे राहणारी.

पावसाळ्याच्या कप्प्यात भारंगी. तिची भाजी तुम्ही खाता, पण दोन फांद्या फुलायला सोडा. भुंगे येतात. निर्गुडी कुंपणाला लावा, जांभळट तुरे पावसात आणि पुढेही येत राहतात. गोकर्णीचा वेल, एकेरी निळा. कर्दळीची साधी, लहान फुलांची जात, शिंजिरासाठी. जागा असेल तर दिंडा. त्याच्या बारीक फुलांवर पावसाळी उघडीपीत कीटकांची जत्रा भरते.

हिवाळ्याच्या कप्प्यात काटेकोरांटी, अडुळसा, एकेरी शेवंती, आणि हिवाळा सरताना पानफुटीचे लोंबते तुरे. अडुळशाचे फूल उघडायला अंगात जोर लागतो, ते भुंग्यासारख्या दांडग्या माशीचे काम. मग शेवगा. शेवग्याला एका घरात दोन पाने वाढतात: माशीला मध, आपल्याला शेंगा.

उन्हाळ्याच्या कप्प्यात कढीपत्ता. आपण त्याला फुलू देत नाही, पाने ओरबाडत राहतो. एक फांदी तरी सोडा. धायटी आहे, डोंगरउतारावरचे लाल फुलांचे झुडूप, बागेतही चांगले होते. आणि लिंबू. फळबागवाले आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार असे तीन बहार मोजतात. म्हणजे हे एक झाड वर्षात तीनदा वार लावू शकते.

आता वर्षातले बहुतेक महिने ज्यांचे दार उघडे असते ती घरे. तुळस. तिच्या मंजिऱ्या आपण सगळ्या खुडतो, झाड वाढावे म्हणून. अर्ध्या खुडा, अर्ध्या ठेवा. पंधरा दिवसांनी राहिलेल्या खुडा. दोन-तीन तुळशी असल्या तर पाळी लावा. आमच्या अनुभवात एवढ्याशा जागेत तुळशीइतक्या माश्या दुसऱ्या कशावर येत नाहीत. मग अबोली, फुलपाखरांसाठी. रुई. पण तिचा चीक डोळ्यांत गेला तर वाईट, तेव्हा मुलांच्या हाताबाहेर लावा. पेंटास आणि हमेलिया परदेशी आहेत, पण शिस्तीत राहतात आणि उदार आहेत. आणि कुंडीच्या कडेला आपोआप येणारी एकदांडी, जिला आपण तण म्हणतो. सगळी उपटू नका.

इथे एक सावधगिरी. "घाणेरी का नाही? तिच्यावर तर फुलपाखरांची गर्दी असते, आणि वर्षभर फुलते!" अगदी खरे आहे. नुसता फुलण्याचा काळ हाच निकष धरला, तर घाणेरी पहिली येईल. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आणलेले हे झुडूप पक्ष्यांच्या पोटातून रानभर पसरले आणि खालचे गवत, रोपटी दाबून बसले. आपल्या कुंडीतला वार भरताना डोंगरावरची दहा घरे बंद करायची नाहीत.

आणखी एक जुना धडा. मधमाशी एका फेरीत एकाच प्रकारच्या फुलांवर जाते, हे ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. दोन हजारांहून जास्त वर्षे झाली, निरीक्षण टिकून आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की वीस प्रकारांचे एकेक झाड लावण्यापेक्षा सहा-सात प्रकारांची तीन-तीन, चार-चार झाडे जवळ जवळ लावा. एका फुलासाठी गच्ची चढून यावे एवढी माशी रिकामी नसते.

फूल म्हणजे फक्त उपाहारगृह. राहायचे कुठे? एखाद्या कोपऱ्यात उघडी माती ठेवा, कितीतरी एकट्या माश्या जमिनीत घर करतात. वाळके लाकूड, पोकळ बांबू राहू द्या. उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा, माशीला खड्यावर उभे राहून पिता येते. आणि फुलपाखरू हवे असेल तर सुरवंटही हवा. लिंबाची पाने कुरतडलेली दिसली की आपण चिडतो. पण महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखरू केले तो नीलवंत लिंबूवर्गीय पानांवरच लहानाचा मोठा होतो. आमच्या घरी आता ठरलेले आहे: खालच्या दोन फांद्या सुरवंटाच्या.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती आमच्या चुकीची आहे. एकेरी जास्वंदी लावल्या, तुळशी वाढवल्या, आणि दुसऱ्या हिवाळ्यात लिंबाच्या झाडात फुलोरी माशीने छोटे पोळे धरले. आम्ही सगळ्यांना बोलावून दाखवत होतो. त्याच सुमारास जास्वंदीवर मावा आणि पिठ्या ढेकूण आला. घरात औषधाची बाटली होती. एका सकाळी, ऊन चढलेले, तुळस शेजारी पूर्ण फुललेली, आणि आम्ही फवारले. 'फक्त जास्वंदीवर' फवारतो आहोत असे समजत होतो. वाऱ्याला ते कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर माश्या पडल्या होत्या. झाडूने गोळा केल्या. आठवड्याभरात पोळे रिकामे झाले.

ज्या पाहुण्याला वर्षभर आमंत्रण देत होतो, त्याच्या पानात आम्हीच विष वाढले. हेतू वाईट नव्हता, पण नीतिशास्त्रात आम्ही वर्षानुवर्षे शिकवले की हेतू शुद्ध असणे पुरेसे नसते, माहिती करून घेणे हेही कर्तव्य असते. ते आम्हाला त्या कट्ट्यावर समजले. तेव्हापासून फुललेल्या झाडावर काही फवारत नाही. मावा पाण्याच्या जोरदार धारेने जातो, पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने निघतो. राहिला थोडा, तर राहू देतो. आणि झाडात भिनणारी औषधे, जी मुळाशी घालतात, ती मधात आणि परागातही उतरतात. नर्सरीतून रोप आणताना यावर काय मारले आहे, हे विचारायला लाजू नका.

शेवटी एक काम देतो. घरी गेल्यावर एक कागद घ्या, बारा रकाने आखा. तुमच्या बागेत, गच्चीत, खिडकीत ज्या महिन्यात जे उघडे असते ते लिहा. फक्त एकेरी, मध-पराग देणारी फुले लिहायची. बोगनवेल लिहायची नाही. जो रकाना रिकामा राहील, तोच तुमचा बुधवार. पुढच्या वेळी नर्सरीत गेलात की "बारा महिने फुलणारं द्या" म्हणू नका. "श्रावणात फुलणारं द्या" म्हणा. आमच्या कागदावर आजही एक रकाना अर्धा रिकामा आहे, ऑगस्टचा. भारंगी लावली आहे, बघू या.

एक चिठ्ठी आली आहे. "घरात लहान नातवंडे आहेत, माश्या बोलावल्या तर चावणार नाहीत का?" चांगला प्रश्न आहे. फुलावर आलेली माशी कामात असते, तिला डिवचले किंवा चिरडले नाही तर ती सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. पोळ्याजवळची गोष्ट वेगळी, तिथे ती घर राखते. म्हणून आग्याचे पोळे जवळपास असेल तर त्याला दगड, धूर, जाळ काही लावायचे नाही, जाणकाराला बोलवायचे. घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांचा सल्ला आधी, बाग नंतर. बाकी नातवंडांना सकाळी सातला गच्चीवर घेऊन जा, हात मागे बांधून उभे राहायला सांगा, आणि काय ऐकू येतं ते विचारा.

भोपळ्याचे राहिलेच. गेल्या साली चार धरले. आम्ही हात लावला नव्हता.